दमयंतीची रेघ

फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका जिन्याचं ड्रॉइंग करत बसलेले. निम्म्या पायऱ्या झाल्या होत्या. पलीकडून रघुनाथ बोलत होता, दमयंतीचा धाकटा भाऊ, बाळकुमहून. "अलकाताय, बाय गेली आमची... सकाली," एवढंच म्हणाला आणि त्याच्या मागे बायकांचं रडणं ऐकू आलं. मी रिसीव्हर कानाला धरून तशीच बसले, आणि माझ्या डाव्या हाताने, मला न विचारता, ड्रॉइंग सेव्ह केलं. रडू त्यानंतर आलं. पुढे कितीतरी दिवस माझी मलाच लाज वाटत राहिली. जिवाभावाची मैत्रीण गेल्याचं कळतंय आणि ही बया सेव्ह काय करतेय! मग वाटलं, अगं, पण हा हात घडवला कोणी? तिनेच ना. "चहा येऊ दे, साहेब येऊ दे, वाईट बातमी येऊ दे..." असं ती वर्गात सुरू करायची आणि "आधी सेव्ह!" हे पोरं एका सुरात पूर्ण करायची.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात जे गेल्या काही वर्षांत कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकले, त्यांच्यातल्या पुष्कळांना ती ठाकुर्लीच्या भोईर मॅडम म्हणून माहीत असेल. मला ती त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत, नुसती दमयंती म्हणून. ऐंशीच्या दशकात आम्ही दोघी वागळे इस्टेटमधल्या एका डिझाइन ऑफिसात ट्रेसर होतो. आजच्या मुलांना ट्रेसर म्हणजे काय तेही समजावून सांगावं लागतं. इंजिनिअर लोक पेन्सिलीने ड्रॉइंग काढायचे आणि आम्ही त्यावर पारदर्शक कागद ताणून बसवायचो आणि तेच शाईच्या पेनाने गिरवायचो. त्यावरून मग अमोनियाच्या मशीनमध्ये निळ्या प्रती निघायच्या. तो वास साडीत इतका मुरायचा की डोंबिवलीला घरी पोचले की सासूबाई नाकाला पदर लावायच्या. गिरवण्यात काय मोठंसं, असं लोकांना वाटायचं. मलाही वाटायचं, दमयंतीला बघेपर्यंत.

ती बाळकुमच्या कोळीवाड्यातली. माझ्याहून थोडी मोठी, पण आमचं पहिल्या दिवसापासून अगं-तुगं. सावळी, शिडशिडीत, केसांत अबोली, बोलणं कमी आणि हसणं त्याहून कमी. पण कागदावर वाकली की बघत राहावं. मोठ्या कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची रेघ ती एका दमात ओढायची. खरंच एका दमात, कारण श्वास रोखून धरलेला असायचा. सुरुवातीला जेवढी जाड, शेवटी तेवढीच, मधे कुठे शाईचा थेंब नाही की पेन उचलल्याची खूण नाही. मी शेजारच्या बोर्डावर माझं काम टाकून टकामका बघत बसायचे. आमचे चीफ ड्राफ्ट्समन करमरकर साहेब म्हणजे कौतुकाला महाग माणूस, पण नवीन इंजिनिअर आला की त्याला तिच्या बोर्डापाशी नेऊन उभा करायचे. नुसतं बघा म्हणायचे.

आणि तिचाच हात थरथरायला लागला.

मला ते कळलं चहामुळे. दमयंती कधीपासून डाव्या हाताने कप धरायला लागली होती. मी चेष्टेत म्हटलं, "काय गं, उजव्या हाताला उपास आहे का?" ती हसली नाही. तिने उजवा हात टेबलाखालून वर काढून माझ्यासमोर धरला. बोटं बारीक हलत होती, थांबायचं नावच नाही. डॉक्टर म्हणाले होते, नसांचं आहे, जिवाला धोका नाही, पण बरं व्हायचं नाही, हळूहळू वाढत जाईल. जिवाला धोका नाही! ट्रेसरच्या हाताबद्दल हे कोणी कसं म्हणू शकतं? घरात म्हातारे वडील, भाऊ तेव्हा शिकत होता, तिने स्वतः लग्न केलेलं नव्हतं. त्या हातावर सगळं घर उभं होतं. "कोणाला बोलशील तर बघ," ती म्हणाली. मी कोणाला बोलले नाही.

तिने काय काय युक्त्या केल्या, आठवलं की अजून तोंडात बोट घालावंसं वाटतं. मनगटाखाली घडी केलेला रुमाल, कोपर बोर्डाला टेकवलेलं, डावा हात उजव्यावर दाबलेला... आणि रेघ तरीही सरळच यायची. फक्त एक गोष्ट तिला जमेना, ती म्हणजे ब्लेड. शाईने काढलेली रेघ बदलायची तर ब्लेडच्या टोकाने शाई अलगद खरवडायला लागायची. जरा हात हलला की कागद फाटला. त्यामुळे माप बदलून आलं की दमयंती रेघ तशीच ठेवायची, फक्त आकडा नवा लिहायची आणि त्याच्याखाली एक छोटी रेघ मारायची. बोर्डावरच्या कामात हे चालायचं. त्या खुणेचा अर्थ असा, की चित्र मापात नाही, लिहिलेला आकडा खरा धरा. सगळेच अधूनमधून करायचे. दमयंती नेहमी करायला लागली, एवढाच फरक.

त्याच सुमारास ऑफिसात कॉम्प्युटर आले. दोनच, पण थाट काय विचारता! काचेची वेगळी खोली, एसी, जाड पडदे, बाहेर चपला काढायच्या, देवळात गेल्यासारखं. शेजारी प्लॉटर नावाचं एक लांबलचक यंत्र. त्याच्या चिमट्यात शाईचं पेन असायचं, अगदी आमच्या पेनासारखं, आणि यंत्र ते पेन धरून कागदावर सरसर रेघा ओढायचं. आम्ही सगळ्या ट्रेसर बायका काचेला नाक लावून बघायला उभ्या होतो. आमच्या जागी काय येतंय, ते आम्हाला न सांगता कळलेलं. हॉलमध्ये कुजबुज सुरूच होती, की ट्रेसर आता जाणार. दमयंती माझ्या कानाशी पुटपुटली, "हात बघ त्याचा, अलका. जरासुद्धा हलत नाही."

करमरकर साहेबांनी शिकायला ज्यांना पाठवलं त्यांत आम्ही दोघी होतो. आम्हाला का निवडलं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. पहिल्या दिवशी दमयंतीने माऊस धरला आणि माऊसबरोबर पडद्यावर फिरणारी फुली तिच्या बोटांसारखी थरथरायला लागली, आणि इथे रुमाल नाही, कोपर टेकायला बोर्ड नाही. झाकायचं कसं? शिकवणारा मुलगा मागून म्हणाला, "मॅडम, रेघेचं टोक अंदाजाने पकडू नका. कॉम्प्युटरला सांगा, टोक हवंय. मग जवळपास नेलं तरी तो बरोबर टोकाला चिकटतो." तिने सांगितलं तसं केलं. फुली थरथरत कोपऱ्याच्या आसपास गेली, तिने बटण दाबलं, आणि रेघ टपकन टोकाला जाऊन बसली. अगदी टोकाला, केसाचाही फरक नाही. तिने दुसरी काढली. तिसरी काढली. मग वर्तुळाचा मध्य पकडला, मग दोन रेघा जिथे छेदतात ती जागा. मुलगा दुसऱ्यांकडे वळल्यावर तिने माझा हात इतक्या जोरात धरला की बांगडी रुतली. "अगं, ह्याला कळत नाही!"

"काय कळत नाही?"

"माझा हात," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

त्यानंतर ती त्या यंत्राच्या मागे जी लागली, ती लागलीच. आम्ही बाकीचे माऊसने एकेक मेनू उघडत बसायचो, मारुतीच्या शेपटासारखं ते काम वाढत जायचं. तिने ठरवलं, डावा हात कीबोर्डवर, उजवा माऊसवर, डोळे पडद्यावर, आणि एकही हात जागेवरून उठणार नाही. रेघेला एक अक्षर, वर्तुळाला एक, पुसायला एक. जी अक्षरं कीबोर्डच्या उजव्या बाजूला होती ती डाव्या हाताला लांब पडायची, तर हिने ती बदलूनच घेतली आणि सगळे हुकूम डाव्या बाजूला आणून ठेवले. उजव्या हाताला फक्त बोट दाखवायचं काम उरलं. मी म्हटलं, "अगं, तू तर उजव्याला पेन्शनीत काढलंस." ती म्हणाली, "आराम नको का त्याला? किती वर्षं राबला."

कागदावर आम्ही मोठी शेड वीतभर करून काढायचो, प्रत्येक आकड्याला भागत बसायचो. ती म्हणाली, आता भागायचं कशाला? पडद्याला कुठे भिंत आहे? शेड जेवढी खरी आहे तेवढीच काढायची, कागदात कशी बसवायची ते शेवटी, छापताना. खिडकी एकदा नीट काढायची, जपून ठेवायची आणि मग हवी तिथे नुसती ठेवत जायची, कारण जी गोष्ट दोनदा काढली तिच्यात दुसऱ्यांदा चूक होणारच. भिंती एका थरावर, पाइप दुसऱ्यावर, मापं तिसऱ्यावर, आणि जे आत्ता बघायचं नाही ते पुसायचं नाही, थर गोठवून ठेवायचा, म्हणजे तो मोडत नाही, फक्त पडद्यावर दिसेनासा होतो. लागलं की परत वितळवायचं. कोणाचंही ड्रॉइंग हातात आलं की आधी सगळे थर वितळवून बघायचे, आणि पडद्यावर पूर्ण चित्र आणायचं, मग कामाला हात घालायचा. हे तिला कोणी शिकवलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, बाने. तिचे वडील जाळं शिवायला बसायचे तेव्हा ही लहानपणी घाईघाईत पहिलं भोक दिसलं की तिथेच सुई घालायची, आणि ते ओरडायचे, "आदी जालं पसर, मंग बग कुठं फाटलंय!"

आता मला ते सांगायचंय, ज्यासाठी मी खरं म्हणजे हे लिहायला घेतलं.

एका रासायनिक कारखान्याच्या टाकीचं काम होतं. टाकीला बाहेरून ब्रॅकेट जोडायचे आणि त्यावर उभं राहायला प्लॅटफॉर्म बसवायचा. टाकी दमयंतीकडे, प्लॅटफॉर्म माझ्याकडे. मधेच कारखान्याने ब्रॅकेटमधलं अंतर बदलून कळवलं. आता कॉम्प्युटरवर माप लिहिताना गंमत अशी असते, की तो स्वतः रेघ मोजतो, आकडा दाखवतो आणि विचारतो, हाच लिहू ना? तुम्ही दुसरा आकडा टाइप केलात, तर मुकाट्याने तोच लिहितो. दमयंतीने नवा आकडा टाइप केला. रेघ हलवली नाही. बोर्डावरची सवय! मी तिच्याच ड्रॉइंगमधल्या रेघा खाली ठेवून माझा प्लॅटफॉर्म काढला, कॉम्प्युटरने मला रेघ मोजून जुना आकडा दाखवला, मी बिनधास्त हो म्हटलं. दोन्ही ड्रॉइंग आंबिवलीच्या वर्कशॉपला गेली. ब्रॅकेट तिच्या मापाने जोडले गेले, प्लॅटफॉर्मला भोकं माझ्या मापाने पडली, आणि एकही बोल्ट बसेना.

करमरकर साहेबांनी दोन्ही कागद भर हॉलमध्ये टेबलावर पसरले. कारखान्याचं पत्र शेजारी ठेवलं. पत्रातला आकडा आणि दमयंतीचा आकडा एकच. माझा वेगळा. झालं! साहेब कधी आवाज चढवायचे नाहीत, त्या दिवशी चढवला. डोकं ठिकाणावर ठेवून काम करता का, म्हणाले. उद्यापासून काचेच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही, म्हणाले. त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. बोर्डावरची माणसं एकेक करून कमी होत होती. मी रडकुंडीला आले, माझा स्वभाव तापट, उलट बोलायला तोंड उघडलं, पण बोलणार काय? मला स्वतःलाच कळत नव्हतं की जुना आकडा माझ्या कागदावर आला कुठून. कोणालाच कळलं नसतं. दमयंती गप्प बसली असती, तर आजपर्यंत कोणाला कळलं नसतं.

ती खुर्चीवरून उठली. "साहेब, अलकाचं बरोबर आहे. चूक माझी आहे."

"भोईर बाई, तुमचा आकडा बरोबर आहे."

"आकडा बरोबर आहे, साहेब. रेघ खोटी आहे."

साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, तुमच्यासारखीने रेघ का नाही हलवली? इथे ती काहीही सांगू शकली असती. घाई होती, विसरले, लक्ष नव्हतं... कोणीही मानलं असतं. तिने उजवा हात पुढे केला, सगळ्यांच्या समोर, आणि तसाच धरून ठेवला. "ब्लेड धरता येत नाही मला. खूप दिवस झाले. म्हणून नुसता आकडा बदलायची सवय लागली, ती इथेही आली." तो हात हवेत थरथरत होता आणि ती तो मागे घेत नव्हती. मी आयुष्यात धीट माणसं पाहिली नाहीत असं नाही, पण असं धैर्य मी दुसरं पाहिलं नाही. माझी नोकरी वाचवायला ती स्वतःची नोकरी हातावर घेऊन उभी होती, घरातल्या तीन माणसांच्या ताटासकट.

साहेबांनी तिच्या हाताकडे बघितलं. "त्या गोदामाचं ट्रेसिंग तुम्ही ह्या हाताने केलंत?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, हो. "आणि पाण्याच्या टाकीचं?" हो. त्यांनी चष्मा परत लावला, दोन्ही कागदांची गुंडाळी केली, आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "बोर्डाला परत हात लावू नका. उद्यापासून काचेच्या खोलीतून जे ड्रॉइंग बाहेर जाईल ते तुम्ही तपासायचं. खोटा आकडा कुठे दडतो, ते तुमच्याइतकं इथे कोणाला माहीत नाही." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही काय बघताय? जा, काम करा." त्यांची माफी मागायची पद्धत तीच होती. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

तिच्या त्या वाक्यावरून पुढे आमच्या धंद्यात या भागात एक म्हणच पडली. आकडा नको, रेघ बदल. आज एखाद्या ऑफिसात कोणी घाईत आकडा टाइप करायला गेला की शेजारचा हटकतो, "ए, भोईर मॅडम आठव!" यातल्या निम्म्या लोकांनी तिला पाहिलेलंही नाही.

नव्वदनंतर दोन-तीन वर्षांनी तिने नोकरी सोडून ठाकुर्लीला क्लास काढला. जागा कुठे घ्यावी, तर पिठाच्या गिरणीच्या वरची खोली! मी कपाळावर हात मारला. कॉम्प्युटरला धुळीचं वावडं, आणि हिच्या जिन्यापासून पीठ. वर आणखी गिरणीची मोटर सुरू झाली की व्होल्टेज बसायचं आणि पडदा काळाठिक्कर. कोणी दुसरं असतं तर गिरणीवाल्याशी भांडलं असतं, मी तर नक्कीच. हिने त्याचाच धडा केला. खाली पट्ट्याचा पहिला फटका ऐकू आला की सगळ्या वर्गाचे डावे हात एकदम सेव्ह करायचे, मान वरही न करता. मी एकदा मुद्दाम बघायला गेलेले. खाली कोणाचे तरी गहू पडले, पट्टा फटफटला, आणि वर खोलीत एकच टकटक झाली. गिरणी बंद असायची त्या दिवशी मात्र पोरं सेव्ह करायला विसरायची, म्हणून हीच टेबलावर फूटपट्टी आपटायची.

वर्गात ती हात लपवायची नाही. पहिल्याच दिवशी सांगून टाकायची, माझा हात हलतो, बघून घ्या एकदा, मग ड्रॉइंग बघा. कोणी दमलं, कंटाळलं, माझ्याच्याने होत नाही म्हणालं, की ती त्याच्या शेजारी बसून त्याचं अडलेलं ड्रॉइंग सोडवायची, एक हात कीबोर्डवर उडतोय, दुसरा कापतोय, आणि पडद्यावर एकेक टोक एकमेकांना नेमकं मिळतंय. पुढे कापरं दुसऱ्या हातातही उतरलं. तिने अक्षरांच्या जागा परत बदलल्या, मोठ्या बटणांवर आणल्या, आणि शिकवत राहिली. आता सगळीकडे हाकाटी चाललीय, दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर बंद पडणार. मी तिला घाबरून विचारलं, तर म्हणे, "पडू देत की. फ्लॉपीत आहे ना?"

शेवटची भेट बाळकुमला, तिच्या घरी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आजूबाजूला इमारतींची कामं सुरू झालेली, आणि त्यांचं घरही पाडायचं ठरलं होतं. रघुनाथच्या मुलांना फ्लॅट हवा होता, त्यात वावगं काही नाही. तिने कटकट केली नाही. मला फोन करून म्हणाली, "ये गं, टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नाही." दिवसभर आम्ही दोघी घर मोजत होतो. कोळ्याचं जुनं घर, लागेल तसं वाढवत नेलेलं, एक भिंत दुसरीला काटकोनात नाही, दरवाजा वर अरुंद आणि खाली रुंद. मी वैतागून म्हटलं, "नव्वद अंश धर की सरसकट. पाडायचंच आहे, कोण बघतंय?" तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी मुकाट्याने टेप धरला. संध्याकाळी मागच्या दारी ओटीवर आलो. समोर खाडी, ओहोटी लागलेली, चिखलात दोन होड्या कलंडलेल्या. मला पुन्हा चेष्टेची लहर आली. "घर झालं. आता ही खाडीची कड कशी मोजणार, सांग! तिला टेप कुठे लावशील?" तिने पाण्याकडे बघितलं. "बघू," म्हणाली. मग मला सुक्या बोंबलाचं कालवण घातलं आणि निघताना बजावलं, घरी गेल्यावर फोन कर.

दोन महिन्यांनी ती झोपेतच गेली.

दिवस झाल्यावर रघुनाथ माझ्याकडे एक फ्लॉपी घेऊन आला. "बायनं घराचं काडलंय. तुमाला द्यायला सांगलेलं," म्हणाला. मला हिंमत होईना. शेवटी परवा ऑफिसात मन घट्ट करून उघडली. आधी पूर्ण चित्र पडद्यावर आणलं. घर होतं, जसंच्या तसं, खऱ्या मापाचं. वाकडी भिंत वाकडी, दरवाजा खाली रुंद. मी माप लावून लावून बघितलं, प्रत्येक वेळी कॉम्प्युटरने मोजलेला आकडा आणि तिचा आकडा एकच. मागच्या दाराच्या पुढे मात्र नुसती काळी मोकळी जागा. मग सवयीने थर बघितले. एक गोठवलेला होता. इंग्रजी अक्षरांत त्याला नाव दिलं होतं, 'हात'.

मी तो वितळवला. ओटीच्या पलीकडे, पडद्याच्या डाव्या कडेपासून उजवीपर्यंत, खाडीची कड उमटली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने मोकळी रेघ ओढायची एक सोय असते, माऊस जसा हलेल तशी रेघ उमटत जाते. टोक पकडायचं नाही, कशाला चिकटायचं नाही. ती सोय आम्ही कोणी वापरत नाही, आणि दमयंती तर वर्गात तिचं नावही घ्यायची नाही. तीच तिने वापरली होती. सगळ्या सोयी बंद करून, रुमाल न घेता, जो हात ती तरुणपणी टेबलाखाली लपवत होती त्याच हाताने, एका दमात... बारीक बारीक, थरथरती, जिवंत रेघ. संध्याकाळी ओहोटीला चिखलाच्या कडेने पाणी जसं थरथरतं, अगदी तसंच. सरळ रेघेने ते जमलंच नसतं. तिच्या जुन्या ट्रेसिंगच्या रेघा मी पाहिल्यात, पण इतकी सुंदर रेघ तिने कधी काढली नव्हती.

मी ड्रॉइंग प्लॉटरला दिलं. आमचा प्लॉटर जुना, अजून पेन धरणारा. आधी भिंती झाल्या, पेन सटासट सरळ गेलं. दरवाजे झाले, ओटी झाली. मग पेन कागदाच्या डाव्या कडेला गेलं, टेकलं, आणि थरथरायला लागलं. त्या लोखंडी चिमट्यातलं पेन तिच्या बोटांसारखं कापत कापत पुढे सरकत होतं, थांबत नव्हतं, शाई कुठे तुटत नव्हती. माझ्या ऑफिसातला नवा मुलगा धावत आला. "मॅडम, प्लॉटर बिघडला! बंद करू?"

"अरे, हात लावू नकोस," मी म्हटलं, "तिला पुरी काढू दे."